मठांच्या कपाटांतले संगीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : युरोपातील जुन्या मठांत आणि चर्चमध्ये हस्तलिखित संगीताचे मोठे संग्रह आहेत, असे वाचनात येते. पुस्तकांची यादी जशी नाव आणि लेखक लिहून होते, तशीच ती संगीताची का करता येऊ नये? त्यासाठी वेगळी पद्धत कशाला लागते?

उत्तर : पुस्तकाला सहसा स्वतःचे असे नाव असते, संगीताच्या हस्तलिखिताला ते असतेच असे नाही. अठराव्या शतकातल्या एखाद्या गठ्ठ्यावर ‘मिस्सा (म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधीचे संगीत), सी मेजर’ किंवा ‘सिंफनी, डी मेजर’ एवढीच अक्षरे असतात आणि त्याच वर्णनाच्या शेकडो रचना युरोपभर पसरलेल्या असतात. संगीतकाराचे नाव लिहिलेले असले तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, कारण त्या काळी हायडनचे नाव घातले की प्रत खपत असे आणि नकलकारांना हे चांगले ठाऊक होते. म्हणून सूचीकार नावाबरोबरच, आणि खरे तर नावापेक्षाही अधिक भरवशाने, रचनेच्या सुरुवातीचे काही स्वर टिपून ठेवतो. शीर्षक बदलेल, कर्त्याचे नाव बदलेल, पण पहिल्या ओळीतली सुरावट बहुधा तीच राहते.

ही युक्ती आजची नाही. ऑस्ट्रियातील गॉटवाइग मठात हाइनरिश वोंद्राच यांनी 1830 मध्ये आपल्या संग्रहाची जी सूची केली, तिच्यात प्रत्येक रचनेचे आरंभीचे स्वर पाच रेघांवर लिहिलेले आहेत आणि अनेक ठिकाणी प्रत कोणी व केव्हा मिळवली याचीही नोंद आहे. या तारखांचा उपयोग आजही होतो, कारण प्रत मठात ज्या वर्षी आली त्याच्या आधी ती रचना अस्तित्वात होती, एवढे तरी निश्चित ठरते. 1909 मध्ये जर्मनीतील येना येथे सापडलेली एक सिंफनी प्रतीवरच्या नावामुळे बेथोव्हनची तरुणपणातील कृती मानली गेली, छापली गेली आणि वाजवलीही गेली. पुढे हायडनचे अभ्यासक रॉबिन्स लँडन यांना त्याच रचनेची दुसरी प्रत याच गॉटवाइग मठात मिळाली. तिच्यावर फ्रीडरिश विट या दुसऱ्या संगीतकाराचे नाव होते आणि प्रश्न मिटला. उलट दिशेचे उदाहरण हायडनच्या सी मेजरमधील चेलो कॉन्चेर्टोचे आहे. हायडनने स्वतःच्या रचनांची जी यादी ठेवली होती, तिच्यात या कॉन्चेर्टोचे सुरुवातीचे स्वर होते, रचना मात्र हरवलेली होती. 1961 मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात, राडेनीन येथील एका वाड्यातून आलेल्या कागदांमध्ये, तिच्या प्रती मिळाल्या आणि यादीतल्या त्या स्वरांवरून तिची ओळख पटली.

आज हे काम ‘रिझ्म’ या आंतरराष्ट्रीय सूचीच्या नियमांनुसार होते. ही संस्था 1952 मध्ये स्थापन झाली, तिचे मध्यवर्ती संपादन फ्रँकफुर्टहून चालते आणि दहा लाखांहून अधिक नोंदी असलेली तिची सूची 2010 पासून इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली आहे. सुरुवातीचे स्वर तिथे साध्या अक्षरांत आणि आकड्यांत लिहिले जातात: ए ते जी ही स्वरांची नावे, त्यांच्या आधी कालमान दाखवणारा आकडा आणि सप्तकासाठी एक-दोन चिन्हे. त्यामुळे हातात नाव नसलेली प्रत असेल तर पहिले सात-आठ स्वर टंकून तीच रचना आणखी कुठे आहे हे शोधता येते. प्रत्येक ग्रंथालयाला ठरावीक संक्षिप्त खूण असते. स्वित्झर्लंडमधील आइनझीडेल्न मठ म्हणजे ‘सीएच-ई’. नोंदीत वाद्यांचे व गायकांचे कोणते स्वतंत्र भाग (स्वरभाग) शिल्लक आहेत हेही न चुकता लिहावे लागते. मुखपृष्ठावर दोन हॉर्न लिहिलेले असावेत आणि आत एकच असावा, हा प्रकार नेहमीचा आहे.

प्रश्न : आता सगळ्या पानांची उत्तम छायाचित्रे काढता येतात. मग सूचीसाठी वर्षानुवर्षे घालवण्यापेक्षा आधी सरसकट छायाचित्रण करून टाकणे शहाणपणाचे नाही का?

उत्तर : छायाचित्रणाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. फ्रान्समधील सोलेम मठाच्या बेनेडिक्टाइन साधूंनी 1889 मध्येच स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन मठाच्या एका हस्तलिखिताच्या छायाचित्रांपासून आपली ग्रंथमाला सुरू केली होती. अमेरिकेत मिनेसोटातील साधूंनी 1965 पासून ऑस्ट्रियातील मठांच्या हस्तलिखितांचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) घेतले, त्यामागे युद्धात हे सारे नष्ट होईल ही भीती होती, आणि दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव पाहता ती अवास्तव नव्हती. सेंट गॅलनमधील 359 क्रमांकाचा ग्रंथ, म्हणजे साधारण 922 ते 926 या काळात लिहिलेले एकल गायकाचे पुस्तक, आज कोणीही घरबसल्या पान उलटून पाहू शकतो.

तरीही क्रम विचाराल तर आधी नोंद आणि मग छायाचित्र, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद नसलेली दहा हजार चित्रे म्हणजे बंद कपाटाची प्रत असते. ती शोधता येत नाहीत, आणि हरवलेले पान हरवले आहे हेही त्यांच्यावरून कळत नाही. शिवाय काही गोष्टी साध्या छायाचित्रात येतच नाहीत. कागद प्रकाशासमोर धरल्यावर दिसणारे जलचिन्ह, पाने कशी दुमडून शिवली आहेत, एकाच गठ्ठ्यात किती जणांचे हस्ताक्षर आहे, हे प्रत्यक्ष हाताळणाऱ्यालाच सांगता येते. त्रेपन्न स्वतंत्र स्वरभागांची ‘मिस्सा साल्झबुर्गेन्सिस’ दीर्घकाळ ओराझिओ बेनेव्होली या इटालियन संगीतकाराची, 1628 मधली मानली जात होती. कागद आणि नकलकाराचे हस्ताक्षर तपासल्यावर ती त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने लिहिली गेल्याचे दिसून आले आणि आता ती बहुतेक अभ्यासक साल्झबुर्गचे संगीतकार बीबर यांची मानतात. सर्वच ठिकाणी सविस्तर सूची लगेच होणार नाही, हे मान्य आहे. अशा वेळी गठ्ठानिहाय एकेक ओळीची का होईना, पण हाताने केलेली यादी छायाचित्रणाच्या आधी तयार असावी.

प्रश्न : जुन्या स्वरलेखनात स्वरांच्या जागी भोके पडलेली मी पाहिली आहेत. हे किडीचे काम आहे का, आणि ते थांबवता येते का?

उत्तर : किडीची भोके पानामागून पान आरपार जातात. तुम्ही पाहिलेली भोके नेमकी काळ्या स्वरांच्या आकाराची असतील तर दोष शाईचा आहे. मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून केलेली शाई युरोपात शतकानुशतके वापरात होती. तिच्यातले आम्ल कागदाचे तंतू तोडते आणि न जुळलेले लोह हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने ती झीज वेगाने पुढे नेते. मजकुरापेक्षा संगीताला याचा फटका अधिक बसतो, कारण भरीव स्वरात आणि स्वर जोडणाऱ्या जाड आडव्या पट्टीत शाईचा थर दाट असतो. बाखच्या स्वहस्तलिखितांची हीच अवस्था झाली होती आणि बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातील त्यांची काही पाने जाडीतून दोन थरांत विभागून, मध्ये पातळ बळकट कागद घालून पुन्हा जोडण्यात आली. हा उपाय टोकाचा आहे आणि एकदा केल्यावर मागे फिरता येत नाही. सौम्य उपचारांत कॅल्शियम फायटेटचे द्रावण लोहाला बांधून ठेवते, त्यानंतर कॅल्शियम बायकार्बोनेटने आम्ल शमवतात. मात्र हा उपचार पाण्यातला असल्यामुळे विरघळणारे रंग असलेल्या पानांना तो चालत नाही, आणि तो प्रशिक्षित संवर्धकानेच करायचा असतो.

ग्रंथपालाच्या हातात जे आहे ते कमी नाट्यमय असले तरी अधिक परिणामकारक आहे. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी. ती पासष्टच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. ऑर्गनच्या सज्ज्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटे ही सर्वांत वाईट जागा, आणि नेमके तिथेच स्वरभाग ठेवलेले असतात. जाड दगडी भिंतींच्या खोलीत हवामान सावकाश बदलते, तिथे हिवाळ्यात अचानक हीटर लावणे चर्मपत्राला घातक ठरते, कारण कोरड्या हवेत ते आक्रसते आणि वाकते. प्रती आम्लरहित पेट्यांत ठेवाव्यात, त्यांना चिकटपट्टी कधीही लावू नये, खुणा केवळ शिसपेन्सिलीने कराव्यात. कागदाला सुती हातमोज्यांपेक्षा धुऊन कोरडे केलेले हात बरे, हातमोज्याला जीर्ण कडा अडकतात. मेणबत्तीच्या मेणाचे थेंब आणि वादकांनी मारलेल्या रेघा पुसण्याचा मोह मात्र आवरावा, ती प्रत खरोखर वापरात होती याचा तोच पुरावा असतो.

प्रश्न : एका जुन्या हिशेबाच्या वहीच्या बांधणीत स्वर लिहिलेले चर्मपत्र दिसले. ते सोडवून वेगळे ठेवावे का?

उत्तर : नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेमुळे आणि छापील ग्रंथांमुळे जुनी गायनपुस्तके निकामी ठरली आणि त्यांचे मजबूत चर्मपत्र बांधणीसाठी कापले गेले. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी वीस हजारांहून अधिक पाने सापडली आहेत, त्यांतली बहुतेक कर-हिशेबांची वेष्टने म्हणून वापरलेली. ते पान कोणत्या वहीवर, कोणत्या वर्षी, कोणत्या कचेरीत चढवले गेले, यावरून मूळ ग्रंथ कुठे फाडला गेला याचा माग लागतो. बांधणी उसवली की तो माग संपतो. आहे त्या जागी छायाचित्र घ्यावे आणि वहीच्या नोंदीतच त्याचा उल्लेख करावा.

प्रश्न : मठांतील साधूंची संख्या घटत आहे. हे संग्रह मोठ्या सरकारी ग्रंथालयांत हलवणे अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर : मठ बंदच होत असेल तर दुसरा पर्याय नाही. एरवी मी घाई करणार नाही. बव्हेरियात 1803 मध्ये मठ खालसा झाले तेव्हा बेनेडिक्टबॉयर्न येथील एक गीतसंग्रह म्युनिकला गेला. तोच ‘कार्मिना बुराना’, म्हणजे ‘बॉयर्नची गीते’. तो वाचला हे खरे, पण त्याला नाव मिळाले ते जिथे सापडला त्या मठाचे. तो मुळात कुठे लिहिला गेला याविषयी अजून मतभेद आहेत, बहुतेक अभ्यासक आज आल्प्सच्या दक्षिण भागाकडे किंवा ऑस्ट्रियातील श्टायरियाकडे बोट दाखवतात.

बोलिव्हियातील चिकितोस प्रदेशाचे उदाहरण अधिक बोलके आहे. जेझुइट पाद्री 1767 मध्ये हद्दपार झाल्यावरही तिथल्या गावकऱ्यांनी त्यांच्या काळच्या संगीताच्या प्रती सांभाळल्या, वापरल्या आणि नव्याने उतरवूनही घेतल्या. 1972 पासून हान्स रोट यांच्या देखरेखीखाली चर्चच्या इमारतींची डागडुजी चालू असताना त्यांतील पाच हजारांहून अधिक पाने हाती लागली. ती परदेशी न पाठवता त्याच प्रदेशातील कोन्सेप्सिओन येथील अभिलेखागारात ठेवली गेली आणि त्यांतल्या रचना तिथे पुन्हा गायल्या जाऊ लागल्या.

स्थलांतर अटळच असेल तर कपाटांचा क्रम, जुने क्रमांक, गठ्ठ्यांभोवतीचे कागद आणि त्यांवरच्या प्रयोगांच्या तारखा हलवण्यापूर्वी लिहून घ्याव्यात, आणि नव्या सूचीत जुना क्रमांक नव्याच्या शेजारी कायम ठेवावा. म्हणजे गॉटवाइगच्या 1830 च्या सूचीसारखी जुनी यादी हातात घेऊन येणाऱ्या अभ्यासकालाही आपली प्रत सापडेल.