वाचकांचे प्रश्न : रिमोटचा हब घेतला, पण एसी भलतंच करतो

मागच्या अंकात रिमोट हबबद्दल लिहिलं होतं, म्हणजे ती छोटी डबी जी वायफायला जोडायची आणि मग मोबाइलवरून टीव्ही, एसी, सेटटॉप बॉक्स असं रिमोटवर चालणारं काहीही चालवायचं. त्यावर भरपूर प्रश्न आले आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की घेतला तर आहे पण हवं तसं चालत नाहीये. त्यातले पाच घेतलेत. एसीचा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला म्हणून तो आधी.

प्रश्न : ताई, एसीच्या रिमोटचं एकेक बटण हबला शिकवलं. चालू-बंद ठीक होतं पण ॲपमध्ये प्लस दाबलं की टेंपरेचर एकाने वाढायच्या ऐवजी थेट २५ वर जातं, कितीही वेळा दाबा २५च. परवा तर ड्राय मोडवर होता तोही कूलवर आला. डबी खराब निघाली का, बदलून घेऊ?

उत्तर : बदलू नका, डबी चांगली आहे. एसीच्या रिमोटला स्क्रीन असते आणि टीव्हीच्या रिमोटला नसते, तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्यातच आहे बघा. टीव्हीचा रिमोट फक्त 'आवाज एकने वाढव' एवढंच सांगतो, आता आवाज किती आहे ते टीव्हीला माहीत असतं. एसीचं उलट आहे, तिथे हिशोब रिमोट ठेवतो. तुम्ही कुठलंही बटण दाबा, रिमोट दर वेळी अख्खी यादी पाठवतो: मोड कूल, टेंपरेचर २५, पंखा मध्यम, स्विंग चालू, सगळं एका दमात. म्हणजे तुम्ही हबला 'प्लस' शिकवताना रिमोटच्या स्क्रीनवर २४ चं २५ झालं असणार, हबने ती २५ वाली अख्खी यादी पाठ केली, आणि आता प्लस दाबलं की तीच म्हणून दाखवतो. ड्रायचं कूल झालं तेही म्हणूनच.

खात्री करायची असेल तर एसी चालू असताना रिमोट दुसऱ्या खोलीत न्या, तिथे टेंपरेचर २४ वरून २० करा, एसीपर्यंत काही पोचणार नाही. मग परत येऊन एसीकडे रिमोट धरून नुसतं पंख्याच्या स्पीडचं बटण दाबा. एसी पंखाही बदलेल आणि थेट २० वरही जाईल.

आता उपाय. पहिला आणि चांगला उपाय म्हणजे बटणं शिकवत बसूच नका, ॲपमध्ये एसीचा ब्रँड निवडा, मग ते एकेक कोड पाठवून विचारत जातं की एसीने ऐकलं का. बरोबर कोड सापडला की यादी जुळवायचं काम ॲप करतं आणि प्लस-मायनस खरंच प्लस-मायनससारखं चालतं. इथे जरा धीर धरा, पहिल्या कोडला एसी चालू झाला म्हणून लगेच सेव्ह करू नका, स्विंग, पंखा, मोड सगळं तपासून बघा, कारण एकाच ब्रँडचे पाच-सहा कोड असतात आणि अर्धवट जुळणारा कोड नंतर फार छळतो. ब्रँड सापडलाच नाही तर दुसरा उपाय, बटणं नाही तर अवस्था शिकवा. रिमोटवर आधी 'कूल, २४, पंखा मध्यम' लावून घ्या आणि शेवटचं बटण हबसमोर दाबा, त्या बटणाला नाव द्या 'दुपार'. तसंच २६ आणि पंखा हळू असं 'रात्र'. आणि एक 'बंद'. माझ्या घरी गेली दोन वर्षं या तीन बटणांवर एसी चालतोय, चौथ्याची गरज पडली नाही.

'बंद' शिकवलं की ते लागोपाठ दोनदा पाठवून बघा. बऱ्याच एसींमध्ये बंद हाही त्या यादीतलाच एक भाग असतो, मग शंभरदा पाठवलं तरी एसी बंदच राहतो. पण दुसऱ्यांदा पाठवल्यावर तो परत चालू झाला, तर तुमच्याकडे चालू आणि बंद एकाच कोडवर आहे, आणि मग पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. मी कामावरून फोनवर तिचा एसी लावते. परवा ॲपमध्ये 'चालू' दिसत होतं, संध्याकाळी घरी आले तर एसी बंद आणि आई घामाने भिजलेली. ॲप खोटं का दाखवतं?

उत्तर : वाचून वाईट वाटलं, आणि हे प्रत्येक हबवाल्याला सांगायलाच हवं. या रिमोटची भाषा एकतर्फी आहे. हब प्रकाशाची उघडझाप करून निरोप फेकतो, एसीकडून 'मिळाला' असं काहीही परत येत नाही. ॲपवर दिसतं ते 'चालू' म्हणजे 'मी चालू व्हायला सांगितलं' एवढंच, त्यापुढे काय झालं ते हबला कळायला मार्ग नाही. मधे पडदा आला, कुणी कपाटाचं दार उघडं ठेवलं, मधेच लाइट जाऊन आली, काहीही झालेलं असू शकतं.

म्हणून खोलीत एक वेगळा साक्षीदार ठेवा. सगळ्यात सोपा म्हणजे टेंपरेचर सेन्सर, काही हबच्या वायरमध्येच तो येतो, नाहीतर सुटा मिळतो. एसी लावल्यावर १५-२० मिनिटांनी आकडा खाली आला का बघायचं, नाही आला तर परत पाठवायचं. हे ऑटोमेशनमध्येही बसवता येतं, की खोली २९ च्या वर गेली तर 'दुपार' पुन्हा पाठव, फक्त आधीच्या उत्तरातली दोनदा पाठवायची चाचणी 'दुपार'वरही करून घ्या, म्हणजे चालू असलेला एसी त्याने बंद होणार नाही. दुसरा साक्षीदार म्हणजे वीज मोजणारा स्मार्ट प्लग, एसी खरंच वीज खातोय का ते त्यावर दिसतं, पण तो एसीचा लोड पेलणाराच हवा, दिव्याचा छोटा प्लग एसीला अजिबात लावू नका. आणि त्या प्लगने एसी चालू-बंद करायचा नाही, नुसतं बघायचं. चालत्या कॉम्प्रेसरची वीज अशी सारखी तोडणं चांगलं नाही.

आणि एवढं सगळं केलं तरी आईच्या हाताला येईल असा खरा रिमोट उशाशी ठेवाच, नवीन सेल घालून. तिला बटण दाबणं जमत नसेल तर फोन केल्यावर खोलीत जाऊन बघेल असं कुणीतरी हवं. आजारी माणसाची जबाबदारी एका हबवर टाकू नका.

टीव्हीचंही तसंच, तो चालू आहे की बंद ते हबला कळत नाही. पॉवरचं बटण बहुतेक टीव्हीला एकच असतं, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. मग तुम्ही 'झोपायची वेळ' असा सीन (एका दाबात लागोपाठ जाणारे बरेच निरोप) बनवता आणि त्या दिवशी टीव्ही आधीच बंद असेल तर रात्री अकराला तो मोठ्याने सुरू होतो. बऱ्याच टीव्हींना 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोडही कळतात, रिमोटवर ती बटणं नसतात पण ॲपच्या यादीत कधी कधी सापडतात. तिथे आधी शोधा, सीन नंतर बनवा.

प्रश्न : दादाने हब आणलाय. टीव्हीचा रिमोट शिकला पण पंख्याचा शिकतच नाही, लर्निंग टाइमआउट येतं. टीव्हीला लावायच्या स्टिकच्या रिमोटचंही तसंच. मी नववीत आहे.

उत्तर : तुला एक मस्त चाचणी सांगते. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू कर, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धर आणि बटण दाब. टीव्हीच्या रिमोटचा छोटा बल्ब स्क्रीनवर जांभळट लुकलुकताना दिसेल. तो प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा तो अडवायची काच असते म्हणून पुढचा घ्यायचा. आता पंख्याचा रिमोट धर. सेल नवीन असूनही काहीच लुकलुकलं नाही तर तो रेडिओवर चालतो. अजून एक खूण, शेजारच्या खोलीतून बटण दाबून पंखा चालतो का बघ. इन्फ्रारेड, म्हणजे तो न दिसणारा प्रकाश, भिंतीतून जात नाही, रेडिओ जातो. टीव्हीच्या स्टिकचे रिमोट बहुतेक ब्लूटूथवर असतात.

नुसत्या इन्फ्रारेडच्या हबला यातलं काही शिकवता येणार नाही, दादाला सांग की यात त्याची काही चूक नाही. काही हबमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा रेडिओही असतो, उदाहरणार्थ ब्रॉडलिंकच्या आरएम४ प्रो मध्ये आहे आणि आरएम४ मिनी मध्ये नाही. पण पंख्याचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवाला निघाला तर तसला हबही उपयोगाचा नाही.

प्रश्न : हब वायफायला जोडलाच जात नाही, राउटर तर नवीन आहे.

उत्तर : नवीन आहे म्हणूनच. वायफाय दोन बँडवर, म्हणजे दोन लहरींवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि बहुतेक हबना वायफायचं फक्त २.४ कळतं. राउटरवर दोन्ही बँड एकाच नावाने असतील तर तात्पुरतं ५ बंद करा, हब जोडा, मग परत चालू करा. तरी नाही झालं तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायची सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर आहे का बघा आणि असेल तर डब्ल्यूपीए२ चालेल असं करा.

प्रश्न : सेटटॉप बॉक्सला हबवरून १२२ नंबर दिला की १२ च लागतं. बाबांना रोज तोच चॅनल लागतो आणि रोज चिडचिड होते. १२३ व्यवस्थित लागतं!

उत्तर : १२३ लागतं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, त्यावरूनच कळलं. फिलिप्सने काढलेली आरसी-५ नावाची एक पद्धत आहे, त्यात प्रत्येक निरोपात एक बिट असं असतं की जे प्रत्येक नव्या दाबाला उलटतं, शून्याचं एक, एकाचं शून्य. त्यावरून बॉक्सला कळतं की बटण दोनदा दाबलं की एकदाच दाबून धरलंय. हबने २ चं बटण एकदाच पाठ केलेलं असतं, त्यामुळे दोन्ही वेळा ते बिट तेच जातं आणि बॉक्सला वाटतं की बोट अजून २ वरच आहे, म्हणून तो दुसरा २ सोडून देतो. तुमच्या बॉक्सची पद्धत अशीच काहीतरी असणार.

२ चं बटण हबला दोनदा शिकवा, 'दोन-अ' आणि 'दोन-ब' अशा नावांनी, आणि दोन्हींच्या मधे खऱ्या रिमोटवर बाकी कुठलंही बटण दाबू नका म्हणजे बिट नेमकं उलटलेलं मिळेल. शिकवताना बटण टिचकी मारल्यासारखं दाबा, दाबून धरू नका, आणि रिमोट हबपासून चार बोटांवर ठेवा. मग सीनमध्ये १, दोन-अ, दोन-ब असं लावा आणि प्रत्येकाच्या मधे अर्धा सेकंद थांबा. तरीही १२ च लागलं तर दोन-अ दोनदा शिकवला गेलाय असं समजा, दोन-ब पुसून पुन्हा शिकवा. जमलं की त्या सीनला बाबांच्या चॅनलचं नाव द्या आणि त्यांच्या फोनच्या पहिल्या स्क्रीनवर ठेवा.