कबर, क्रूस आणि कोकणचा पाऊस

२ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस जवळ आला की कबरींच्या डागडुजीबद्दल पत्रे वाढतात. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. एक सूचना सर्वांनाच: दगडाची ऑर्डर देण्याआधी धर्मग्रामाच्या (चर्चच्या) कार्यालयात लांबी, उंची आणि मुदतीचे नियम विचारून घ्या. बऱ्याच दफनभूमींत कबर कायमची नसते. ठरावीक काळानंतर अस्थी काढून कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्या कुटुंबाला मिळते. तिथे लाकडी क्रूस आणि फुले एवढेच पुरे.

प्रश्न: आई यंदा जूनमध्ये गेली. कायमची जागा मिळाली आहे. २ नोव्हेंबरपूर्वी काळा ग्रॅनाइट, उभा क्रूस आणि फोटो बसवायचा आहे. कंत्राटदार म्हणतो, पंधरा दिवसांत करून देतो. करावे का? (एक वाचक, वसई)

यंदा नको. खणून परत भरलेली माती सैल असते, शवपेटीचे लाकूड कुजले की ती आणखी खाली बसते. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २० मिमी जाडीच्या ग्रॅनाइटच्या लादीचे वजन साधारण ७५ किलो भरते. माती एका बाजूने खचली की लादी अधांतरी राहते आणि मधोमध तडकते. तुमच्या कबरीने पहिला पाऊस पाहिला खरा, पण नुकत्या भरलेल्या मातीवर. अजून एक पावसाळा जाऊ द्या, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये काम काढा. तोवर मातीचा उंचवटा राखा, खचेल तशी भर घाला, कडेने जांभ्याचे चिरे नुसते मांडा, डोक्याशी सागवानी क्रूस रोवा. तेवढीही कबर देखणी दिसते.

काम काढाल तेव्हा लादीचा भार खड्ड्यातल्या भरावावर टाकू नका. दोन्ही बाजूंना न खणलेली जमीन जितकी मिळेल तितकी घेऊन तिच्यावर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटची सळई घातलेली चौकट टेकवा, सळईवर किमान दीड इंच काँक्रीट असू द्या. लादीखाली मसाला पूर्ण पसरायला सांगा. गवंडी घाईत चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून लादी दाबतात. मधल्या पोकळीत पाणी साचते, त्या जागी दगड काळपट दिसू लागतो आणि पुढे तडकतो. डोक्याकडून पायाकडे सुमारे दीड इंच उतार ठेवा.

उभा क्रूस नुसत्या सिमेंटवर उभा करू देऊ नका. तळाला दोन भोके, त्यांत ८ मिमी जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या, निम्म्या क्रुसात आणि निम्म्या पायात, भोवती इपॉक्सी (दगड जोडायचा पक्का चिकट मसाला). समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीचे स्टील मागा. ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने ठिपके उठतात. साधी लोखंडी सळई मात्र अजिबात नको. गंजाला मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा लागते, आणि ती जागा तो दगड फोडून घेतो.

अक्षरे कोरलेलीच हवीत, निदान एक इंच उंच. सोनेरी रंग काही पावसाळ्यांत उडतो, पण खोल कोरलेले नाव बिनरंगाचेही वाचता येते. फोटो भट्टीत भाजलेल्या चिनी मातीच्या पाटीवर घ्या. लॅमिनेट केलेल्या फोटोत कडेने ओल शिरते आणि चेहऱ्यावरच बुरशी चढते.

प्रश्न: वडिलांच्या पांढऱ्या संगमरवरावर मेणाचे थर आणि काळे डाग होते. शौचालय धुण्याच्या द्रवाने घासले. डाग गेले, पण दगड खरखरीत झाला. आता काय? (एक वाचिका, मुंबई)

त्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ओतल्यावर बुडबुडे आले असतील, तर तो विरघळणारा दगड होता. गेलेली झिलई धुण्याने परत येत नाही. लादी काढून कारखान्यात पुन्हा घासून घ्यावी लागते. अक्षरे उथळ असतील तर तेही करू नका, ती आणखी पुसट होतील. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनाही हाच नियम. फोटो चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही इथे चालत नाही, ते संगमरवराची कड खाते. दगडासाठी असलेले न्यूट्रल सिलिकॉन मागा.

यापुढे असे करा. मेण सकाळच्या गारव्यात, कडक असताना, लाकडी पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. उरलेल्यावर टिपकागद ठेवून त्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके दाबा. मेण साधारण ५० ते ६० अंशांना वितळते आणि कागदात उतरते. दर वेळी कागद बदला, नाहीतर तेच मेण पसरेल. मग आधी दगड साध्या पाण्याने पूर्ण भिजवा आणि सौम्य साबण व नायलॉनच्या मऊ ब्रशने खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. तारेचा ब्रश वापरलात तर ओरखडे उठतातच, शिवाय तुटलेले तारेचे कण अडकून गंजतात.

मेणबत्त्या थेट दगडावर लावूच नका. उथळ स्टीलच्या ताटात दोन इंच वाळू घाला, तिच्यात त्या खोचा आणि घरी जाताना ताट उचलून न्या.

प्रश्न: मी दुबईत असतो. गावी वर्षातून एकदा येणे होते. कबर ओकी दिसू नये म्हणून प्लास्टिकची फुले आणि दोन फुलदाण्या ठेवाव्यात म्हणतो. (एक वाचक, मूळ गाव पालघर जिल्हा)

प्लास्टिकची फुले उन्हाने काही महिन्यांतच फिकटतात, पाकळ्या ठिसूळ होऊन शेजारच्या कबरींवर उडतात. वर्षभर ती विटलेली फुले तिथे असणार आणि बघायला तुम्ही नसणार! त्यापेक्षा काही नसलेले बरे.

फुलदाणी बसवायचीच तर तळाला अर्ध्या इंचाचे भोक पाडून घ्या आणि ती वाळूने गळ्यापर्यंत भरा. देठ ओल्या वाळूत उभे राहतात आणि पाणी उघडे राहत नाही. उघड्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोहोचतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही, आतून घासावे लागते.

हिरवे काही हवे असेल तर सदाफुली लावा. तिला फार पाणी लागत नाही आणि ती जवळपास बाराही महिने फुलते. राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमींत (पुण्यात खडकीलाही एक आहे) प्रत्येक शिळेपुढे बुटकी रोपे लावतात. शोभा तर येतेच, शिवाय पावसाच्या थेंबांनी उडणारी माती अक्षरांवर बसत नाही. चाफा कितीही आवडला तरी कबरीवर लावू नका, त्याला कुंपणाकडेची जागा द्या. सांध्यात वड-पिंपळाचे रोप दिसले तर चार पानांचे असतानाच मुळासकट काढायला कुणाला तरी सांगून ठेवा.

प्रश्न: आजोबांची जांभ्याची जुनी कबर आहे. ऑइलपेंट दिला, दोन वर्षांत पापुद्रे सुटले. (एक वाचक, सावंतवाडी)

जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल वर चढते, रंगाखाली अडकते आणि रंगाला बाहेर ढकलते. पापुद्रे लाकडी पट्टीने काढा, दगड महिनाभर वाळू द्या, मग चुनाच लावा: एक किलो चुना पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. पातळ हात तीन, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. चुना दर वर्षी द्यावा लागतो, पण त्यातून ओल बाहेर पडते. सांधे भरतानाही सिमेंटऐवजी चुन्याचा मसाला घ्या.

प्रश्न: आमचे कुटुंब बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पणजोबांची कबर अलिबागकडे आहे. इस्रायलमधून येताना फुले न्यावीत का? आणि शिळा नव्याने कोरायची आहे. (एक वाचिका)

ज्यू रीतीत फुलांपेक्षा लहान दगड ठेवण्याची चाल आहे. गुळगुळीत खडा कबरीवर ठेवला की झाले, तो सुकत नाही आणि डागही पाडत नाही. शनिवारी आणि सणाच्या दिवशी दफनभूमीत जात नाहीत, तेवढे प्रवास आखताना पाहा.

कोकणातल्या अनेक जुन्या शिळांवर इब्रू (हिब्रू) आणि मराठी दोन्ही मजकूर आहेत, तुम्हीही दोन्ही ठेवा. मात्र इब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि कारागिराच्या संगणकात मजकूर चिकटवला की अक्षरांचा क्रम उलटण्याची भीती असते. मजकूर चित्र म्हणून द्या, खऱ्या मापाची कागदी छाप मागवा आणि इब्रू वाचणाऱ्या माणसाने तिच्यावर सही केल्याशिवाय दगडाला हात लावू देऊ नका. जुनी शिळा वाचण्यासारखी असेल तर ती पुन्हा कोरू नका; ती तशीच ठेवून पायथ्याशी नवी छोटी पाटी बसवा.