बाद फेरीच्या चषकाचा अंदाज कसा लिहायचा आणि आढावा कसा घ्यायचा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आपल्या हँडबॉल मॅनेजर खेळात (इंटरनेटवर संघ सांभाळायचा खेळ) विदर्भातल्या संघांचा एक चषक घ्यायचा ठरलाय, २२ संघांनी नावं दिली आहेत, आणि दर फेरीआधी अंदाज व फेरीनंतर आढावा लिहायचं काम तुमच्यावर आलंय. लीगचा गुणतक्ता पाहून लिहिलेले अंदाज बरेचसे चुकतात, आणि आढावा म्हणजे नुसती स्कोअरची यादी होते. मग कोणते आकडे पाहायचे?

आकड्यांच्याही आधी एक गोष्ट पक्की करा. अंदाज असा लिहा की आढाव्यात तो तपासता यावा. ‘सामना चुरशीचा होईल’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकत नाही. ‘पाहुण्यांच्या ६-० बचावासमोर यजमानांचा पिव्होट चारपेक्षा जास्त गोल काढणार नाही’ हे वाक्य खोटं ठरू शकतं (पिव्होट म्हणजे समोरच्या बचावाच्या रांगेत, गोलाजवळ उभा राहणारा आक्रमक; ६-० काय ते पुढं सांगतो). ते खोटं ठरलं की आढाव्याला विषय आपोआप मिळतो. प्रत्येक सामन्यासाठी अशी दोनच वाक्यं पुरेत. दहा लिहिली तर कोणती महत्त्वाची होती ते नंतर तुम्हालाच सांगता येणार नाही.

ड्रॉ आधी नीट लावा. २२ संघ ३२ च्या चौकटीत बसवायचे म्हणजे १० संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते, म्हणजे ते न खेळता दुसऱ्या फेरीत जातात. उरलेले १२ संघ ६ सामने खेळतात, त्यातले ६ विजेते आणि हे १० मिळून १६ होतात. तिथून पुढं गणित सरळ आहे. एकूण सामने २१, कारण विजेता सोडून प्रत्येक जण एकदाच हरतो. पुढे चाल चिठ्ठीनं देऊ नका, मानांकनानं द्या. पहिल्या दोघांना वेगवेगळ्या अर्ध्यात टाका आणि तिसऱ्या-चौथ्याला त्या-त्या अर्ध्याच्या दुसऱ्या पाव हिश्श्यात. हे राहून गेलं तर दोन तगडे संघ दुसऱ्याच फेरीत भिडतात आणि अंतिम सामन्याचा अंदाज लिहायला काही उरत नाही.

आता गुणतक्ता काहून फसवतो ते पाहू. तक्त्यात गोल दिसतात, ताबे दिसत नाहीत. ताबा म्हणजे चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतचं एक आक्रमण. समजा एक संघ सरासरी ६२ ताब्यांत ३१ गोल करतो आणि दुसरा ५० ताब्यांत २७. तक्त्यात पहिला भारी दिसतो. पण पहिल्याचं यश ५० टक्के आहे आणि दुसऱ्याचं ५४. हँडबॉलमध्ये चेंडू आलटून-पालटून जातो, म्हणून एका सामन्यात दोघांचे ताबे जवळजवळ सारखेच पडतात. हे दोघं समोरासमोर आले आणि ५६ ताब्यांचा सामना झाला, तर नुसत्या आक्रमणाच्या हिशेबानं पहिल्याचे २८ होतात आणि दुसऱ्याचे ३०. तक्त्याच्या अगदी उलट. बचावाचं यशही असंच काढा: प्रतिस्पर्ध्याच्या किती ताब्यांवर गोल झाला.

सामना अहवालात ताबे दिलेले नसले तरी काढता येतात. गोल, वाया गेलेले फटके (अडवलेले, बाहेर गेलेले, ब्लॉक झालेले, सगळे) आणि गमावलेले चेंडू यांची बेरीज करायची. फटका अडल्यावर चेंडू परत आपल्याच हाती आला असेल तर तेवढे वजा करायचे. मागच्या सहा सामन्यांचं काढा. त्याहून जुनं नको, कारण मधल्या काळात ट्रेनिंग झालेलं असतं, खेळाडू विकले गेलेले असतात.

नशिबाचा वाटा किती, हे न मोजता लिहिलेला अंदाज कच्चा असतो. सामन्यात दोन्हीकडं ५४-५४ ताबे आणि प्रत्येक ताब्यावर गोलाची शक्यता निम्मी धरा. नुसत्या योगायोगानं एका संघाचे गोल साडेतीन-चारनं वरखाली होतात, आणि दोघांमधला फरक पाचेक गोलांनी. त्यामुळे तुमच्या हिशेबात एखादा संघ ३ गोलांनी सरस असला, तरी तो जिंकण्याची शक्यता १०० त ७२ च्या आसपासच निघते. एकाच गोलानं सरस असेल तर ५८, पाच गोलांनी असेल तर ८३. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

याच हिशेबाचं दुसरं टोक चषकाच्या अगदी सुरुवातीला वापरायचं. प्रत्येक फेरीत ७२ टक्के शक्यता असलेल्या संघाला ५ सामने सलग जिंकायचे असतील, तर चषक उचलण्याची शक्यता १९ टक्के, म्हणजे पाचात एकदाही पुरती नाही. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली असेल तर चारच सामने उरतात आणि शक्यता २७ टक्क्यांवर जाते. पहिल्या मानांकिताला ‘नक्की विजेता’ म्हणू नका. तो हरला की सगळे म्हणतात अंदाज चुकला; खरं म्हणजे तो हरण्याची शक्यताच जास्त होती.

‘कमजोर संघानं खेळ संथ करावा म्हणजे धक्का देता येतो’ असं आपल्याकडं लय लोक लिहितात. दिशा बरोबर आहे, वजन चुकीचं आहे. ताबे ५४ वरून ४४ वर आणले, तर समोरच्याची ७२ टक्के शक्यता ७० वर येते, बस्स. गतीवर अर्धा परिच्छेद खर्चण्यापेक्षा तीच जागा जोड्यांना द्या. कोणाचं शस्त्र कोणाच्या कमकुवत जागेवर पडतंय, ते तिथं दिसतं.

जोड्या पाहताना पहिली नजर बचावाच्या रचनेवर टाका. ६-० मध्ये सहाही जण सहा मीटरच्या रेषेलगत उभे असतात. पिव्होटला जागा मिळत नाही, पण नऊ मीटरवरून उडी घेऊन मारणाऱ्या बॅकला (मागच्या फळीतल्या आक्रमकाला) मिळते, त्यामुळे तिथं गोलकीपर आणि मधल्या दोघांचं ब्लॉकिंग यावर सगळं अवलंबून. ५-१ मध्ये पुढं आलेला एकटा खेळाडू सेंटर बॅकची, म्हणजे मधून आक्रमण रचणाऱ्याची, लय तोडतो. समोरच्याकडं रचणारा एकच माणूस असेल तर हे फार चालतं, आणि दोघं असतील तर त्याच्या पाठीमागं पिव्होट मोकळा होतो. ३-२-१, म्हणजे तीन रांगांतला बचाव, सगळ्यात आक्रमक आणि सगळ्यात दमवणारी. दमसास कमी असलेल्या संघानं ती लावली तर पहिल्या अर्ध्यात ती सुंदर दिसते आणि पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर फाटते. अंदाजात दमसासाचा आकडा या रचनेसोबतच लिहा, वेगळा लिहिला तर त्याचा अर्थ लागत नाही.

दुसरी नजर उजव्या बाजूवर. उजवी विंग (कडेचा खेळाडू) आणि उजवा बॅक डावखुरे आहेत का? उजव्या हाताच्या खेळाडूला तिथून गोलाचा कोन अरुंद मिळतो. खेळाडूच्या पानावर हात कोणता ते दिलेलं असतं, तरी बरेच जण पाहत नाहीत. समोरच्याकडं दोन्ही जागी उजवेच असतील तर त्यांचं आक्रमण डावीकडंच झुकणार, हे धाडसानं लिहा.

मग मिनिटं. लीगचा सामना होऊन तीन दिवसच झाले असतील आणि मुख्य सात जणांनी पूर्ण ६० मिनिटं खेळलेली असतील, तर चषकात कोण बसेल? एखाद्या संघाला लीगमध्ये खाली घसरण्याची भीती असेल, तर तो चषकात दुसरी फळी उतरवतो. मॅनेजरचे मागचे दोन चषक उघडून पाहिले की सवय कळते.

एक सांभाळायचं. एखाद्यानं तुम्हाला विश्वासानं डावपेच सांगितले असतील तर ते अंदाजात येता कामा नयेत. अहवालांत सगळ्यांना दिसतं तेवढंच वापरा. आणि तुम्ही स्वतः चषकात खेळत असाल, तर तुमच्या सामन्याचा अंदाज दुसऱ्याकडून लिहून घ्या.

वेळेचा घोळ आपल्या भागात सगळ्यात जास्त नडतो. सर्व्हर मध्य युरोपच्या घड्याळावर चालतो. आपण हिवाळ्यात त्यांच्या साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन. तिथं बुधवारी रात्री ८ चा सामना आपल्याकडं उन्हाळ्यात बुधवारी रात्री साडेअकराला लागतो, आणि हिवाळ्यात साडेबाराला, म्हणजे गुरुवार उजाडलेला असतो. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्या आठवड्यात फेरी असेल तर अंदाजाच्या पहिल्याच ओळीत आपली वेळ लिहा. संघ-निवड शेवटच्या तासावर ठेवू नका असंही दर वेळी लिहा. डीपी जळाली, लाईन गेली, टॉवरची रेंज गेली की मोबाईल हातात असून उपयोग नसतो, आणि मग जुनी निवडच मैदानात उतरते, जखमी खेळाडूसकट. सोयाबीन काढणीचा ऑक्टोबर आणि पोळा-तान्हा पोळ्याचे दोन दिवस फेऱ्यांतून वगळा. तेव्हा निम्मे मॅनेजर लॉगिनच करत नाहीत, आणि अशा सामन्याच्या अंदाजाला आणि आढाव्याला दोन्हीला अर्थ राहत नाही.

आता आढावा. स्कोअर शेवटी पाहा. आधी तुमची दोन वाक्यं काढा आणि खरी-खोटी करा. त्यानंतर फरक पाहा. अंदाजापेक्षा निकाल पाच गोलांच्या आत हलला असेल तर ते नशिबाच्या पट्ट्यात आहे. त्यावर मोठी कारणं रचू नका. दहाच्या पुढं गेला असेल तर मात्र काहीतरी खरंच घडलंय, ते शोधा.

शोधायची पहिली जागा गोलकीपर. अडवलेले फटके भागिले अडवलेले अधिक खाल्लेले. १२ अडवले आणि २५ खाल्ले तर १२ भागिले ३७, म्हणजे ३२ टक्के, चांगलं काम. बाहेर गेलेले फटके यात धरायचे नाहीत. आणि गोलकीपरचा स्वतःचा संघ त्याला काढून सातवा खेळाडू आक्रमणात उतरवत असेल, तर रिकाम्या गोलात गेलेले गोल वगळा. ते त्याच्या नावावर टाकले की पाच-सहा टक्के उगाच घसरतात आणि बिचारा आढाव्यात दोषी ठरतो.

दुसरी जागा दोन मिनिटांच्या शिक्षा. ६० मिनिटांत दोन्हीकडचे मिळून १०८ ताबे धरले, तर एक ताबा साधारण ३३ सेकंदांचा. एका शिक्षेच्या काळात दोन्हीकडं दोन-दोन ताबे येतात. सहा शिक्षा म्हणजे बारा ताबे एक माणूस कमी असताना रोखायचे आणि बाराच ताबे पाच जणांत खेळायचे. एकाच खेळाडूला तिसरी शिक्षा झाली की लाल कार्ड, आणि तो उरलेल्या सामन्यात नाही. आक्रमक बचाव लावणाऱ्या संघाची हार बहुतेक इथंच सापडते.

तिसरं, सामना दहा-दहा मिनिटांच्या सहा तुकड्यांत मोडा. अंतिम स्कोअरमध्ये जे झाकलं जातं ते इथं उघडं पडतं. २०१६ च्या चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या हँडबॉल क्लबांची स्पर्धा) जर्मनीत कोलोनमधला अंतिम सामना घ्या, हंगेरीचा वेस्प्रेम विरुद्ध पोलंडचा किएल्त्से. शेवटचं पाव तास उरलेलं असताना वेस्प्रेम २८-१९ नं पुढं होता. किएल्त्सेनं २९-२९ अशी बरोबरी केली, जादा वेळ ३५-३५ वर सुटली आणि सात मीटरच्या फटक्यांवर (हँडबॉलमधली पेनल्टी) किएल्त्से ३९-३८ नं जिंकला. ‘एका गोलानं विजय’ एवढंच लिहिलं तर त्या सामन्यातलं सगळं हातचं गेलं. आपल्या खेळातही शेवटच्या दोन तुकड्यांत दमसास आणि राखीव खेळाडू बोलतात, म्हणून बदल कोणत्या मिनिटाला झाले ते तुकड्यांशेजारी लिहा.

सात मीटरवर संपलेला सामना आढाव्यात बरोबरीचाच धरा. चांगले फेकणारे चारात तीन मारतात. पाच-पाच फटक्यांत कोण चुकेल हे सांगणारा आकडा कोणाकडं नाही. मात्र एक चूक शोधण्यासारखी असते. खऱ्या नियमांत वेळ संपताना ज्याची शिक्षा चालू आहे किंवा ज्याला लाल कार्ड मिळालंय, तो या फटक्यांसाठी चालत नाही. आपल्या खेळाच्या नियमपानावरही हे तपासून घ्या. सगळ्यात भरवशाचा फेकणारा बचावातही पुढं उभा केला असेल, तर तो नेमक्या वेळी बाहेर बसलेला सापडतो.

लिहिल्यावर कसं दिसेल त्याचा नमुना देतो. अंदाज: ‘मानांकन ३ विरुद्ध १४. ताब्यांच्या हिशेबानं तिसरा ३ गोलांनी सरस, शक्यता ७२. चौदाव्याचा ५-१ बचाव तिसऱ्याच्या एकट्या सेंटर बॅकला धरेल आणि त्याचे गोल तीनच्या आत राहतील. चौदाव्याची उजवी बाजू उजव्या हाताची आहे, तिथून पाचपेक्षा जास्त गोल येणार नाहीत.’ आढावा: ‘२६-२७. पहिलं वाक्य खरं, दोन गोल. दुसरं खोटं, उजवीकडून आठ, कारण तिसऱ्याच्या डाव्या बचावपटूला ३१ व्या मिनिटापर्यंत दोन शिक्षा झाल्या होत्या आणि तो नंतर अंगाला भिडलाच नाही. गोलकीपर दोन्हीकडं ३० च्या आसपास. फरक चार गोलांनी हलला, पट्ट्याच्या आत.’ हरलेल्या मॅनेजरला यात बचावपटू कधी बदलायला हवा होता ते कळतं, आणि जिंकलेल्याला पुढच्या फेरीत डोक्यात हवा जाऊ न देण्याचं कारण मिळतं.

वहीत प्रत्येक सामन्याला एक ओळ ठेवा: दोघांचे ताबे, दोघांचं यश, गोलकीपरची टक्केवारी, शिक्षा, बचावाची रचना, तुमची दोन वाक्यं आणि त्यांच्यापुढं खरं की खोटं. उपांत्य फेरीपर्यंत अशा १८ ओळी होतात. त्या चार संघांचा अंदाज मग लीगच्या आकड्यांवर न लिहिता चषकातल्याच ओळींवर लिहा, आणि लीगचे सहा सामने फक्त ज्याला पुढे चाल मिळाली होती त्याच्यासाठी उघडा, कारण त्याची एक ओळ कमी असते.