लहान गावातून पुण्यात कॉलेजला आल्यावर कपडे, मैत्रिणी आणि पैसे यांचा मेळ कसा घालायचा?

तू लिहिलंयस की परभणी जिल्ह्यातल्या गावातून बीएस्सीला पुण्यात आलीयेस. वर्गातल्या मुलींचे कपडे नि बोलणं बघून मागच्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं, घरून येणारे पैसे खोली आणि मेसमध्येच संपतात आणि अजून एकही मैत्रीण झालेली नाही. शिवाय ट्रॅडिशनल डेला काय घालायचं, हेही विचारलंयस. मी बार्शीची. बीएस्सी पुण्यातच केलं, आता एमएस्सी चालू आहे. तेव्हा जे सांगते ते याच रस्त्यांवरचं आहे.

‘कपड्यांनी काही फरक पडत नाही’ असं तुला बरेच जण सांगतील. मला ते पटत नाही. फरक पडतो. पहिल्या महिन्यात कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला कॅन्टीनला बोलावणार, हे बऱ्याचदा दिसण्या-बोलण्यावरूनच ठरतं, आणि ते तुला जाणवलं यात तुझ्या मनाचा खेळ काही नाही. पण हा फरक साधारण पहिल्या सबमिशनपर्यंत टिकतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या घ्यायची वेळ आली की रीडिंग कुणाकडे बरोबर आहेत, ग्राफ कुणाला येतो, झेरॉक्स कोण काढून आणतंय, यावर वर्गाची रचना नव्याने होते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिल्या सत्रात नवे कपडे जवळजवळ घेऊच नकोस. जे पैसे घालायचे ते टेलरवर घाल, आणि वेळ अशा एखाद्या कामात घाल जिथे तीच ती माणसं तुला रोज भेटतील.

कपड्यांचं आधी सांगते, कारण तो प्रश्न सोपा आहे.

तुझा दिवस कसा जातो ते बघ. कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देऊन इतर मुलींबरोबर खोली, सकाळी ठरावीक वेळेपुरतं पाणी, पीएमपी बसची गर्दी, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी मेस. कपडे बादलीत धुवायचे आणि खोलीतल्या दोरीवर वाळवायचे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात ऊन दिसत नाही, सतत भुरभुर चालू असते. त्या दिवसांत जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, कमरेच्या पट्टीत आणि खिशात ओल राहते, मग वास येतो. ज्या मुलीकडे तीन महाग जीन्स आहेत तिची आई घरी मशीन लावते. तुझ्याकडे पातळ सुती कुर्ते आणि एका रात्रीत वाळणाऱ्या सलवारी किंवा लेगिंग्ज असतील तर तू रोज स्वच्छ, कोरड्या कपड्यांत वर्गात जाशील. नीटनेटकं दिसण्यातला अर्ध्याहून अधिक भाग हा असतो, असं माझं ठाम मत झालंय.

केमिस्ट्री असेल तर आणखी एक. सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. धुतलं की तिथे बारीक भोक पडलेलं दिसतं. बर्नरजवळ शिफॉनची किंवा नायलॉनची ओढणी तर नकोच नको. ॲप्रन पूर्ण बाह्यांचा आणि सुतीच घे. तोही नवा घ्यायची गरज नाही, टीवाय, म्हणजे शेवटचं वर्ष संपवलेल्या मुली आनंदाने देतात. लॅब अटेंडंट काकांना विचारलंस तरी कळेल.

आता टेलर. मला सगळ्यात उपयोगी पडलेला माणूस म्हणजे सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली मशीन टाकून बसलेले एक काका. दुकानाला नाव नाही. मी गावाकडून आणलेले कुर्ते त्यांच्याकडे घेऊन गेले. ते सगळे बाजूंनी ढगळ होते, कारण आमच्याकडे ‘अंगात भरशील’ म्हणून दोन बोटं जास्तच शिवतात. काकांनी कुर्ता उलटा केला, खांद्याची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, ‘खांदा बरोबर आहे, मग बाकीचं होतंय.’ त्यांनी बगलेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी खडूने रेघ ओढली, आतली माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, कापली नाही, तशीच ठेवली, आणि बाही मनगटाच्या वर चार बोटांवर आणून दुमडली. एवढ्यानेच त्या कुर्त्याचं रूप पालटलं. नवीन कुर्ता घ्यायला जेवढे लागतात त्याच्या कितीतरी कमी पैशांत हे झालं.

त्यांच्याकडून शिकलेलं तुला सांगून ठेवते. विकत घेताना आधी खांदा बघायचा. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. बाजू आवळता येतात, लांबी कमी करता येते, पण खांदा उतरलेला असेल तर तो दुरुस्त करायला पूर्ण बाही उसवावी लागते आणि तरी नीट बसेल याची खात्री नसते. कापड उजेडासमोर धरायचं. अस्तर लावायचं असेल तर ते आधी पाण्यात भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं.

आणि आईची जुनी साडी मागून घे. हे मी मनापासून सांगतेय. एका साडीत आरामात दोन कुर्ते होतात. माझ्याकडे आईच्या इरकली साडीचा एक कुर्ता आहे. जांभळा, काठ बाह्यांना आणि गळ्याला लावून घेतलाय, पदराचा भाग पाठीला. मधला भाग विरला होता, तो टेलर काकांनी चुकवून कापला. वर्गातल्या, ज्यांच्याशी माझं तोवर ‘हाय’च्या पुढे बोलणं झालं नव्हतं अशा मुलींनी येऊन विचारलं की कुठून घेतलास. खणाचं, इरकलीचं कापड आता पुण्यातल्या मोठ्या दुकानांत चांगल्या किमतीला विकतात. तुझ्या घरी ते ट्रंकेत पडलेलं असण्याची शक्यता खूप आहे.

विकत घ्यायचंच झालं तर एफसी रोडच्या फुटपाथवर आणि डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये कानातली, पिशव्या, टॉप स्वस्त मिळतात. पण तिथे चालू फॅशनचा माल असतो, टॉप दोन-चार धुण्यांत सैल पडतो. मी तिथून कानातलीच घेते. ओढण्या, लेगिंग्ज, आतले कपडे, केसांच्या पिना यासाठी तुळशीबाग. सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी दुकानं उघडल्या-उघडल्या जा. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधी तर अजिबात जाऊ नकोस, पाऊल टाकायला जागा नसते. भाव करताना हसत, पण एकच आकडा धरून बोलायचं. चालून पाय दुखले तर आत राममंदिर आहे, पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं. बाहेर एवढा गलबला आणि आत सभामंडपात निवांत बसता येतं, कुणी उठवत नाही. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, तिथे जुनी पाठ्यपुस्तकंही मिळतात. बनावट ब्रँडचे बूट आणि बॅगा घेऊ नकोस. मला त्यात दोन गोष्टी खटकतात. ते लवकर फाटतात, आणि जिला दाखवण्यासाठी घेतो तिला ते लगेच ओळखू येतात.

मैत्रीचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

कॉलेजमध्ये मैत्रिणी ‘जमवता’ येतात असं मला वाटत नाही. एकाच कामात शेजारी शेजारी वेळ गेला की त्या होतात. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कोथरूडची, इंग्रजी शाळेत शिकलेली. प्रॅक्टिकलला रोल नंबरने जोडी लागली म्हणून आम्ही एकत्र आलो. ती ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायची, मी फ्लास्क हलवत एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलायचा क्षण, बघायची. फिका गुलाबी रंग येऊन टिकला की ‘थांब’ म्हणायचं. ती घाईची, मी सावकाश. आमची रीडिंग जुळायला लागली आणि मग इतर जोड्या आमच्याकडे पडताळायला यायला लागल्या. तोपर्यंत आम्ही एकमेकींना घरचं काही विचारलं नव्हतं. नंतर सबमिशनच्या आदल्या रात्री मी तिच्या घरी राहिले, तिच्या आजीने कटाची आमटी वाढली आणि बार्शीच्या भगवंताच्या देवळाबद्दल खोदून खोदून विचारलं. तेव्हापासून ते घर माझंच असल्यासारखं आहे.

म्हणून तू एक काम निवड. पुण्यात त्यासाठी जागा पुष्कळ आहेत. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना घे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना सुरू झाली आणि तिचं सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात असतं. तिथे चुलीवर पन्नास माणसांचा स्वयंपाक करायचा असतो, बांध घालायचे असतात, शाळेत झोपायचं असतं. तुझ्या वर्गातल्या ज्या मुली आज तुला फार सहज वावरणाऱ्या वाटतात, त्यांना तिथे भाकरी थापता येत नसते, खोरं कसं धरायचं ते माहीत नसतं. तुला येत असेल. शिकव त्यांना, त्या मनापासून शिकतात. शिबिराहून परतलेल्या गटाचं बोलणं पुढे दोन वर्षं संपत नाही.

किंवा नाटकाच्या ग्रुपमध्ये जा. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकताना अंगावर काटा येतो. अभिनय यायलाच हवा असं नाही. बॅकस्टेजला हातांची कायम कमतरता असते. कपडेपट, प्रॉपर्टी, प्रकाशयोजना, लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलणं, तालमीला सगळ्यांसाठी चहा सांगणं. तालमी रात्रीपर्यंत चालतात, आणि त्या दिवसांत सगळेच घामेजलेले, जुन्या टी-शर्टमध्ये असतात. तिथे कुणाच्या अंगावर काय आहे हे बघायला कुणाला सवड नसते. तुझ्या बोलीची काळजी तर तिथे करूच नकोस. लेखक-दिग्दर्शक मुलं तुला बसवून घेऊन संवाद वाचायला लावतील, कारण गावाकडच्या एकांकिकेत त्यांना तोच सूर हवा असतो आणि शहरातल्या पोरांना तो ओढूनताणून आणावा लागतो. वर्गातही बोलणं मुद्दाम बदलायला जाऊ नकोस. इंग्रजी शब्द अभ्यासातून येतीलच, त्यासाठी घरचं बोलणं सोडावं लागत नाही.

पैशांचं. इथे टीटीएमएम चालतं, म्हणजे तुझं तू माझं मी, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. अडचण येते ती वाढदिवसाच्या काँट्रीची (वर्गणीची) आणि महागड्या कॅफेची. अशा वेळी कारणं देत बसू नकोस. ‘मला या महिन्यात जमणार नाही, मी नंतर टेकडीवर येते’ असं सरळ सांग. जिच्याशी मैत्री टिकणार आहे ती पुढच्या वेळी स्वतःच स्वस्तातला बेत काढते. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, नदीकाठचे कट्टे यांना एक रुपया लागत नाही आणि माझ्या आयुष्यातली बरीचशी महत्त्वाची बोलणी तिथेच झाली. सिंहगडाला पायथ्यापर्यंत पीएमपीच्या बसने जाता येतं. वर चढून मडक्यातलं दही खाणं एवढाच खर्च. डेक्कनच्या गुडलक कॅफेत बनमस्का आणि चहा दोघींत एक घेतला तरी कुणी वाईट नजरेने बघत नाही.

हात फारच आखडत असेल तर कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात ‘कमवा आणि शिका’चा अर्ज भर. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत काही तास काम असतं आणि त्याचे पैसे मिळतात. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तिचं ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’ आहे आणि या विचारावर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या शिकल्या. मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम केलं. त्यामुळे कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मला पाठ झालं आणि पुस्तक शोधत येणाऱ्या अर्ध्या वर्गाशी ओळख झाली, तीही न मागता. शिष्यवृत्तीला पात्र असशील तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्जही वेळेत भर. त्याच्या तारखा वर्गातल्या दुसऱ्या कुणी सांगेल म्हणून थांबू नकोस, कार्यालयात स्वतः जाऊन विचार.

ट्रॅडिशनल डेबद्दलही विचारलं होतंस. नऊवारी भाड्याने मिळते, पण आजीची असेल तर तीच आण आणि नेसायला येत असेल तर ते आजूबाजूच्या खोल्यांतल्या मुलींना आधीच सांगून ठेव. सकाळी सहापासून तुझ्या दारात रांग लागेल. नथ तुळशीबागेतली दाबाची घे, नाक टोचलेलं नसलं तरी बसते.

या आठवड्यात करायचं म्हणशील तर दोनच गोष्टी. ढगळ कुर्त्यांपैकी एक टेलरकडे टाक. आणि कॉलेजच्या सूचनाफलकाजवळ थांबून एनएसएसची नोंदणी आणि नाटकाच्या ग्रुपच्या भेटीची वेळ लिहून घे. पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये असते, त्यामुळे तालमी त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. उशीर झालाय असं वाटलं तरी जा आणि ‘बॅकस्टेजला काम आहे का’ एवढंच विचार.