हाय सी सेलने विकलेला माल बॉन्डमध्ये अडकला आणि खरेदीदार एनसीएलटीत गेला, तर माल परत मिळतो का?

तुम्ही लिहिलंय ते असं : तीन कंटेनर हाय सी सेलने, म्हणजे माल समुद्रात असतानाच, विकले, पैसे आले नाहीत. दोन कंटेनरचा माल खरेदीदाराच्या नावाने उरणजवळ बॉन्डेड गोदामात (ड्युटी भरायच्या आधी माल ठेवायचं कस्टम्सच्या देखरेखीचं गोदाम) आहे, तिसरा परवा न्हावा शेवाला उतरलाय आणि त्याची डिलिव्हरी ऑर्डर (शिपिंग लाइनची माल सोडायची चिठ्ठी) अजून कुणी घेतलेली नाही. गेल्या आठवड्यात खरेदीदार कंपनी दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) दाखल झाली. कस्टम्स म्हणतं आधी ड्युटी. तुमचा प्रश्न, बॉन्डमधला माल परत कसा मिळवायचा आणि कस्टम्सविरुद्ध हायकोर्टात जायचं का.

बॉन्डमधले दोन सोडून द्या. हायकोर्टही सोडा. तिसऱ्या कंटेनरकडे पळा. हे इतक्या ठामपणे का सांगतोय ते कळायला तुम्हाला माझ्या घरातली गोष्ट ऐकावी लागेल.

मस्जिद बंदरला वडगादीत आमचं केमिकलचं दुकान. वडिलांनी सुरू केलं, पुढे दादाने आणि मी चालवलं. दादा गिऱ्हाईक सांभाळायचा, मी बँक, कागद आणि सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट. 2018 च्या पावसाळ्यात चीनहून सायट्रिक अ‍ॅसिडचे दोन कंटेनर येत होते. पंचवीस किलोची हजार पोती एकेका कंटेनरमध्ये, सगळं मिळून पन्नास टन, किंमत 35 लाखांच्या आसपास. जहाज समुद्रात असतानाच एका जुन्या पार्टीला हाय सी सेल केला. स्टॅम्पपेपरवर करार झाला, बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावरच्या मालाचा हक्काचा कागद, बीएल) आमचा सही-शिक्का मारून ते त्यांच्या सीएचएकडे गेलं, आणि आमच्या हातात आला साठ दिवसांचा पुढच्या तारखेचा चेक.

जहाज लागायला आठ दिवस होते, तेव्हा त्यांचा आधीच्या बिलाचा 18 लाखांचा चेक परत आला. त्याच दिवशी मी आमच्या वकिलांना फोन केला. त्यांनी मला सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टचं कलम 50 वाचून दाखवलं : पैसे न मिळालेला विक्रेता, खरेदीदार नादार झाला असेल तर, वाहतुकीत असलेला माल थांबवू शकतो. कायदा 1930 चा आहे, पण आजही तितकाच जिवंत आहे. मी शिपिंग लाइनला मेल लिहिला. कंटेनर नंबर, बीएल नंबर टाकले, आणि लिहिलं की आमच्या लेखी सूचनेशिवाय डिलिव्हरी ऑर्डर देऊ नये. पाठवायच्या आधी दादाला दाखवला.

दादा म्हणाला, "वीस वर्षांची पार्टी आहे. हा मेल गेला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडगादीत होईल. आणि दिवाळं कुठे निघालंय त्यांचं? कारखाना चालू आहे. हक्क कुठून आला तुला?"

मी मेल पाठवला नाही. तो अजून माझ्या ड्राफ्टमध्ये आहे.

माल उतरला. पार्टीकडे ड्युटी भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी बॉन्डमध्ये टाकायची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सकडचा कागद) भरली, ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बॉन्ड, म्हणजे हमीपत्र, लिहून दिला, आणि लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर उचलून माल आपल्या नावाने गोदामात लावला. तीन आठवड्यांनी पेपरात फॉर्म एची, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्याची, जाहिरात आली. त्यांच्या बँकेनेच अर्ज केला होता. मोरॅटोरियम लागला, म्हणजे कंपनीच्या ताब्यातली कुठलीही वस्तू आता कुणालाही ओढून नेता येणार नाही. आम्हालाही नाही.

पुढचं सव्वा वर्ष मी रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या, म्हणजे या प्रक्रियेत कंपनीवर नेमलेल्या माणसाच्या, मागे होतो. कंपनी घ्यायला कुणी पुढे आलं नाही, प्रकरण लिक्विडेशनला, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायला, गेलं. लिक्विडेटरने तो माल विकायला मागितला, तर कस्टम्सचं उत्तर एकच : गोदामाची वर्षाची मुदत संपली आहे, ड्युटी आणि व्याज भरा आणि माल न्या. लिक्विडेटरकडे पैसा नाही. कस्टम्स सोडायला तयार नाही. आणि या भांडणात माल कोकणातले दोन पावसाळे खात बसलेला.

2019 च्या दिवाळीनंतर ओळखीच्या सीएचएबरोबर मी तो माल बघायला गेलो. सायट्रिक मोनोहायड्रेट दमट हवेत गोळा होतं हे आमच्या धंद्यातलं पोरगंही जाणतं, तरी बघवलं नाही. खालच्या थरातली पोती चपटी होऊन एकमेकांना चिकटली होती. हमालाने एक ओढून काढलं आणि जमिनीवर आपटलं. फुटलं नाही, दगडासारखा आवाज आला. त्याने कोपऱ्यात ब्लेड मारलं तर आत साखरेच्या मोठ्या खड्यासारखा एकसंध ठोकळा, कडेने पिवळसर. पोत्यावर आमच्याच ऑर्डरचा लॉट नंबर होता. मी हाताने पुसून वाचला.

आमचा दावा 53 लाखांचा, पुराव्यासकट मंजूर झालेला. हातात आलं शून्य.

आता कस्टम्सचं. 26 ऑगस्ट 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश रमणा यांचा तो निवृत्तीचा दिवस होता. त्या कंपनीचा मालही असाच गुजरातमधल्या बॉन्डेड गोदामांत आणि महाराष्ट्रातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत (सीएफएस, कंटेनर ठेवायची यार्डं) अडकला होता, आणि कस्टम्स ड्युटीसाठी धरून बसलं होतं. तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितलं : मोरॅटोरियम लागल्यावर कस्टम्सने ड्युटी किती होते ते ठरवावं, पण वसूल करायला उठू नये. आपला दावा इतरांसारखा लिक्विडेटरकडे लावावा आणि माल सोडावा. कस्टम्स कायद्यात 142 ए कलमाने सरकारी देण्याला पहिला बोजा, म्हणजे वसुलीचा पहिला हक्क, दिलाय, पण त्याच कलमात दिवाळखोरी संहितेचा अपवाद लिहिलेला आहे. हा निकाल तीन वर्षं आधी आला असता तर आमचा माल गोळा व्हायच्या आत विकला गेला असता. तरी आम्हाला काही मिळालं असतं असं नाही.

कारण हा निकाल लिक्विडेटरच्या फायद्याचा आहे, तुमच्या नाही, आणि तुमच्या प्रश्नात नेमकी हीच गल्लत झालीय. कस्टम्सने माल सोडला की तो तुमच्याकडे येत नाही, कंपनीच्या मालमत्तेत जातो. विकून आलेले पैसे संहितेच्या कलम 53 च्या क्रमाने वाटले जातात. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे 24 महिन्यांचे पगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचं 12 महिन्यांचं देणं, मग विनातारण वित्तीय कर्ज, मग सरकारी देणी, आणि त्याच्याही खाली आपल्यासारखे माल पुरवणारे. म्हणजे कस्टम्स तुमच्या एक पायरी वरच उभं आहे. त्यांच्याशी भांडून तुम्ही बँकेचं भलं करणार, वकिलाची फी मात्र तुमच्या खिशातून जाणार.

तरी फॉर्म बी, म्हणजे माल पुरवणाऱ्यांचा दाव्याचा अर्ज, भराच. जाहिरातीत मुदत दिलेली असते, प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवसांच्या आत तर जायलाच हवा. त्यानंतर उशीर माफ करून घेण्यात आणखी पैसे आणि वेळ जातो. दादा म्हणत होता दावा लावणं म्हणजे मेलेल्याच्या खिशात हात घालणं. मला हे तेव्हाही पटलं नाही. दावा लावला म्हणून निदान आमच्या वहीत ती रक्कम बुडीत दाखवताना ऑडिटरपुढे कागद होता.

तिसऱ्या कंटेनरकडे येतो. हक्क कुठून आला, या दादाच्या प्रश्नाचं उत्तर सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टच्याच कलम 2(8) मध्ये आहे. नादार म्हणजे ज्याचं दिवाळं कोर्टाने जाहीर केलंय तोच, असं नाही. ज्याने नेहमीच्या व्यवहारातली देणी द्यायचं थांबवलंय, किंवा मुदत आली तरी जो देऊ शकत नाही, तो या कायद्याने नादार. परत आलेला 18 लाखांचा चेक हाच आमचा हक्क होता. कारखाना चालू होता की बंद, त्याने काही फरक पडत नव्हता. तुमच्या बाबतीत तर एनसीएलटीचा आदेशच हातात आहे.

वाहतूक संपते कधी? खरेदीदाराने किंवा त्याच्या माणसाने माल ताब्यात घेतला, किंवा लाइनने "आता हा माल तुमच्या वतीने आमच्याकडे आहे" असं त्याला कबूल केलं की संपली. डिलिव्हरी ऑर्डर निघाली नसेल तर माल वाहतुकीतच आहे अशी बाजू तुम्हाला मांडता येते. म्हणून लाइनला आजच नोटीस द्या, बीएलचा नंबर टाकून, त्यांच्या मुंबईतल्या एजंटलाही. नुसता फोन नको. नोटीस मिळाल्यावर लाइनने माल तुमच्या सांगण्याप्रमाणे द्यायचा असतो, पण त्याचा खर्च तुमच्यावर येतो. फ्री डेज संपल्यावरचं डिटेंशन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार), सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागाभाडं) हे धरून चाला. आयजीएममध्ये, म्हणजे लाइनने कस्टम्सला दिलेल्या मालाच्या यादीत, नाव बदलताना जुन्या इम्पोर्टरची एनओसी मागतात, ती आता रिझोल्यूशन प्रोफेशनलकडून घ्यावी लागेल. तो सहज देणार नाही. त्याला लेखी पत्र द्या, नकारही लेखी घ्या, मग एनसीएलटीपुढे जा. हायकोर्टासाठी राखलेले पैसे इथे लावा.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. खरेदीदाराने ते बिल ऑफ लेडिंग पुढे तिसऱ्याला विकलं असेल, किंवा बँकेकडे तारण ठेवून पैसे उचलले असतील, आणि त्या माणसाने सचोटीने घेतलं असेल, तर थांबवण्याचा हक्क त्याच्यापुढे टिकत नाही किंवा त्याच्या मागे उभा राहतो. हे लाइनला आणि बँकेला विचारून घ्या. दुसरं, पैसे मिळेपर्यंत मालकी आमचीच असं कलम तुमच्या हाय सी सेलच्या करारात असेल तर बॉन्डमधल्या दोन कंटेनरांबद्दल वरचं सगळं मी मागे घेतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू लिक्विडेटरच्या मालमत्तेत धरत नाहीत. मोरॅटोरियम चालू आहे तोवर हात लावता येणार नाही, पण मालकीचा दावा मांडता येतो. बहुतेकांच्या करारात हे कलम नसतं. आमच्यात नव्हतं. 2019 नंतर प्रत्येक करारात मी ते स्वतः टाईप करतो. आणि मी वकील नाही. कागद घेऊन वकिलाकडे जा, पण नोटीस आधी पाठवून मग जा.

पार्टी जुनी आहे, संबंध बिघडतील, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आमच्या त्या पार्टीचे मालक 2018 नंतर एकदाही दुकानाची पायरी चढले नाहीत. दादाचा फोनही उचलला नाही. मी मेल पाठवला असता तरी ते आलेच नसते, पण पन्नास टन माल आमच्या गोदामात असता आणि महिन्याभरात विकला गेला असता. सहा वर्षं दादा म्हणतोय की लाइनने तो मेल मानलाच नसता. मानला नसता तर लाइनवर दावा लावायला आमच्याकडे कागद असता.

हे उत्तर त्यालाही पाठवतोय. तुम्ही नोटिशीत कंटेनर नंबर तपासून घ्या, एका आकड्याची चूक झाली तरी लाइनचा माणूस बाजूला ठेवून देतो, आणि सहा वाजायच्या आत पाठवा.