लीड्सचं घर: बेडरूम मोजण्याआधी ईपीसी (घराचं ऊर्जा प्रमाणपत्र) वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याला इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नोकरी लागली आहे, मुलगी पाच वर्षांची आहे, कोथरूडचा साडेसातशे चौरस फुटांचा टू बीएचके विकावा की ठेवावा हे ठरत नाहीये. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा आल्या आल्या घर घेतलेलं बरं का, आणि थंडीत घर गरम ठेवायला खरंच एवढा खर्च येतो का, हे विचारलंय. मी लीड्समध्येच राहते, म्हणून इथलंच सांगते. स्कॉटलंडचे नियम आणि कर वेगळे आहेत.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. दोन बेडरूमच्या घराचं भाडं महिन्याला साधारण हजार पौंडांच्या आसपास, शिवाय कौन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा कर) वेगळा. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही (वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). ते सरकारमान्य योजनेत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ती पावती मागून घ्याच.

घाई नको म्हणते त्याचं मोठं कारण स्टँप ड्यूटी. लीड्समध्ये घराची सरासरी किंमत अडीच लाख पौंडांच्या आसपास आहे, लंडनमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. अडीच लाखांच्या घरावर एरवी २,५०० पौंड ड्यूटी पडते आणि पहिलंच घर घेणाऱ्याला काहीच पडत नाही. पण पहिलं म्हणजे जगात कुठेही पहिलं. कोथरूडचा फ्लॅट मालकीचा आहे म्हटल्यावर ती सवलत गेली, आणि फ्लॅट विकलात तरी ती परत येत नाही. फ्लॅट ठेवून इथे घर घेतलंत, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे १२,५०० पौंड. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असला तरी नवरा-बायको मिळून एकच धरतात. वर खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही १८३ दिवस इथे राहिलेला नसाल, तर अजून २ टक्के. हे २ टक्के पुढे तेवढे दिवस राहिल्यावर परत मागता येतात, पण आधी भरावे लागतात. म्हणजे ज्या घरावर इथला एखादा तरुण शून्य भरतो, त्याच घरावर तुमचे २०,००० पौंड जाऊ शकतात. एवढ्या पैशांत दीड वर्षाहून जास्त काळाचं भाडं निघतं. फ्लॅट विकायचा की नाही, याचा निर्णय सॉलिसिटरशी (वकिलाशी) बोलल्याशिवाय घेऊ नका.

आता आकार. आपल्याकडे भाव चौरस फुटावर ठरतो, इथे जाहिरात बेडरूमवर होते. "थ्री बेड" वाचून हुरळून जाऊ नका, कारण तिसरी खोली बऱ्याचदा बॉक्स रूम असते. पलंग टाकला की दार उघडायला तेवढी जागा उरते. नवीन बांधकामासाठी २०१५ सालचं राष्ट्रीय मानक आहे, पण ते लागू करायचं की नाही हे स्थानिक कौन्सिल ठरवते. त्यात दोन बेडरूम आणि चार माणसांच्या एका मजल्यावरच्या घराला किमान ७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५० चौरस फूट धरले आहेत. तुमच्या फ्लॅटएवढंच झालं. जुन्या घरांना हे मानक नाहीच.

लीड्सची खासियत म्हणजे बॅक-टू-बॅक घरं. हेअरहिल्स, बर्ली, हेडिंग्ली या भागांत लाल विटांच्या अशा रांगाच्या रांगा आहेत. घराची मागची भिंत मागच्या घराशी सामाईक, त्यामुळे परसू नाही, मागचं दार नाही, खिडक्या फक्त पुढच्या बाजूला. इतर शहरांत ही बांधणी बंद झाली तरी लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत चालू होती. स्वस्त पडतात म्हणून नवीन आलेले बरेच जण यांतच राहतात. तिन्ही बाजूंना शेजारी असल्याने ऊब टिकते, पण आरपार वारा नाही. आपल्या स्वयंपाकाला, म्हणजे फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, रोजचा वाफाळता भात, हे या घराला सोसत नाही. जानेवारीत सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळून चौकटीत साचलेलं असतं, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट पुढे ओढलं की मागे काळ्या ठिपक्यांची बुरशी दिसते. लहान मूल असलेल्या घरात ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, ओले कपडे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर घालू नका.

आकार आणि ऊब, दोन्हींचं उत्तर एका कागदात मिळतं. तो म्हणजे ईपीसी, घराचं ऊर्जा प्रमाणपत्र. ए ते जी अशी श्रेणी असते आणि भाड्याच्या घराला, काही अपवाद सोडले तर, किमान ई लागते. सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की पुण्यात बसूनही ते फुकट बघता येतं. त्यात घराचं एकूण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६ ने गुणा, म्हणजे चौरस फूट हाती येतील. भिंती कशा आहेत, छताला इन्सुलेशन आहे का, हीटिंग गॅसवर की विजेवर, हेही त्यातच. डी किंवा त्याहून वरची श्रेणी असेल तरच घर बघायला जा, असं मी म्हणेन.

गॅस की वीज हा फरक फार मोठा आहे. गॅसचं युनिट (एक किलोवॉट-तास) साधारण ६ पेन्सला पडतं, विजेचं २६ च्या आसपास. दोन किलोवॉटचा साधा विजेचा हीटर पाच तास चालवला तर दहा युनिटं, म्हणजे २ पौंड ६० पेन्स. एका खोलीसाठी हे महिन्याला ७८ पौंड झाले! तेवढीच ऊब गॅसच्या बॉयलरने पाऊण पौंडाच्या आत मिळते. नियामक ऑफजेम दर तीन महिन्यांनी युनिटच्या दरांची कमाल मर्यादा ठरवते. मध्यम वापराच्या घराला २०२५ साली त्यानुसार वर्षाला गॅस आणि वीज मिळून साधारण सतराशे ते साडेअठराशे पौंड येत होते, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास. ही मर्यादा दरावर असते, बिलावर नाही. जास्त जाळलं तर जास्त येणारच. डायरेक्ट डेबिट (बँकेतून दरमहा आपोआप पैसे जाणं) घेतलंत तर बारा महिने सारखी रक्कम जाते आणि उन्हाळ्यातली शिल्लक हिवाळ्यात वापरली जाते.

घर बघायला जाल तेव्हा बाहेरच्या विटा नीट बघा. मध्ये मध्ये विटांची आखूड तोंडं दिसत असतील तर भिंत बहुधा भरीव, ती लवकर गार पडते. सगळ्या विटा लांबीच्या बाजूने दिसत असतील तर बहुधा मध्ये पोकळी आहे आणि त्यात इन्सुलेशन भरता येतं. आत गेल्यावर नुसता नवा रंग बघून भुलू नका, कोपऱ्यांना ओल आहे का ते हात लावून बघा. बॉयलर किती जुना, मीटर प्रीपेमेंटचा (आधी पैसे भरायचा) आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि किल्ल्या हातात पडतील त्याच दिवशी दोन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून कंपनीला कळवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या गळ्यात पडेल.