सोलापुरात पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. एकट्याने फिरावं की सोबत शोधावी?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा नवीन आहे, रविवारी एकटेच बाहेर पडता, दोन तास फिरून तीन-चार फोटो मिळतात आणि घरी आल्यावर ते दाखवायला कुणी नसतं. पण सोबत घेतली तर पक्षी बुजतील, अशी भीतीही वाटते.

सोबत शोधा. दोघं-तिघंच, फार तर चौघं. मी पहिली दोन वर्षं एकट्यानेच हिंडलो आणि आता सहा-सात वर्षं आमची तिघांची टोळी आहे, त्यामुळे दोन्हीतला फरक मी अनुभवलाय.

आमच्यात एक काका आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर रस्त्यावर नजर ठेवून त्यांचे डोळे इतके तयार झालेत की आम्हाला ढेकूळ दिसतं तिथं त्यांना पक्षी दिसतो. डिसेंबरातली सकाळ होती. नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्याच्या बाहेरच्या माळावर आम्ही गाडी थांबवली. काका म्हणाले, "त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडं बघा." मी बघतोय, बघतोय, वाळलेलं कुसळी गवत आणि मुरूम, दुसरं काही नाही. "हलू नका. आता पळेल बघा." आणि खरंच मुरमाचाच एक तुकडा चार पावलं पळाला आणि थांबला. धाविक! अंग मातीच्या रंगाचं, डोक्याचा माथा तांबूस, डोळ्याच्या वरून मानेपर्यंत गेलेली पांढरीशुभ्र रेघ, तिच्याखाली काळी रेघ, आणि पांढुरके लांब पाय. पळायचं, थबकायचं, वाकून किडा टिपायचा, परत ताठ उभं राहायचं. आम्ही बांधाच्या आडोशाला पोटावर झोपलो. अर्ध्या तासानं तोच हळूहळू आमच्या दिशेनं सरकत आला. माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो तो आहे. बटण मी दाबलं, पण तो पक्षी मला दिसला काकांमुळे. घरी तो फोटो बघताना मला अजूनही त्यांचं "हलू नका" ऐकू येतं.

बुजण्याचं म्हणाल, तर पक्षी माणसांच्या संख्येपेक्षा हालचालीला जास्त घाबरतात. तिघं गप्प बसलेली चालतात, एकटा चालत अंगावर जाणारा चालत नाही. गाडीतच बसून राहिलात तर आणखी बरं, पायी माणसापेक्षा उभी गाडी त्यांना खूपच कमी खटकते. एकानं हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, एवढा एक नियम आम्ही पाळतो.

खरी मजा मात्र नंतरची. ऊन चढलं की बाभळीखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडायची आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकी एकत्र आणायची. हा चंडोल की त्याच्यासारखीच दिसणारी तिरचिमणी? यावर आमचा एकदा पाऊण तास वाद झाला होता. शेवटी आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "पुढच्या फोटोत शेपटी बघा, सारखी हलवतोय." तिरचिमणीच निघाली. एकट्यानं मी तो फोटो 'चंडोल' म्हणून ठेवून दिला असता आणि वर्षभर चुकीचंच समजत राहिलो असतो. डोंबारी हा चंडोलाचा भाऊबंदच. त्याचा नर आकाशात वर वर चढतो, पंख मिटून धोंड्यासारखा खाली येतो, जमिनीला टेकता टेकता सावरतो आणि पुन्हा वर. नाव किती नेमकं ठेवलंय! हा खेळ एकट्यानं बघून गप्प बसवत नाही. शेजारच्याच्या तोंडून "अरे!" निघालेलं ऐकायला हवं.

आणि जोडीदार फक्त कॅमेरेवालाच हवा असं नाही. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या एका मामांना मी त्यांच्याच माळावरच्या टिटवीचा फोटो दाखवला. चोचीजवळ लोंबणारी पिवळी कातडी, डोक्यावर काळी टोपी. फोटो मोठा करून डोळा दाखवल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "रोज ओरडती, पण अशी कधी बघितली नव्हती." पुढच्या खेपेला मी छापून नेला. आता कोणत्या बाजूला भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतोय, कबुतरासारख्या पखुर्ड्या सकाळी कुठल्या पाणवठ्यावर उतरतात, हे तेच आम्हाला सांगतात.

पण वाटून घेण्यात एक गोष्ट सांभाळा. ती मी चुकीतून शिकलोय. एका एप्रिलमध्ये मला माळटिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर खड्यांच्या मध्ये चार अंडी. मी लांबून फोटो काढला आणि आनंदाच्या भरात जागेसकट एका ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी तिथं तीन गाड्या उभ्या होत्या. टिटवी भोवती ओरडत होती, अंड्यांवर बसू शकत नव्हती. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात टिटवी अंडी उबवण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरण्यासाठीच जास्त वेळ उभी असते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तिला दूर ठेवलं की अंडी तापून जातात. त्या चारातलं एकही फुटलं नाही. तेव्हापासून घरट्याचा फोटो आम्ही काढत नाही, आणि दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकला तरी जागा सांगत नाही. तुमच्या सोबत्याला हे पटत नसेल तर दुसरा सोबती शोधा. पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला जवळ बोलावणाऱ्यांपासूनही लांब राहा.

कॅमेऱ्याची चिंता करू नका. ७०-३०० मिमीची लेन्स किंवा लांब झूमचा साधा ब्रिज कॅमेरा (ज्याची लेन्स बदलता येत नाही तो) सुरुवातीला पुष्कळ झाला. उडत्या पक्ष्यासाठी शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, बसलेल्यासाठी १/५०० ही चालतो. फोकस नेहमी डोळ्यावर. आणि सोलापूरसाठी खास सांगतो: माळावर ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही भारी लेन्सनं धूसरच येतो. उन्हाळ्यात साडेआठ-नऊनंतर मी कॅमेरा बॅगेत टाकतो आणि दुर्बीण काढतो.

सुरुवात गावातूनच करा. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव. तिथं हळदीकुंकू बदक शोधा. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. एकदा दिसलं की नाव आयुष्यात विसरत नाही. मग थंडीत हिप्परग्याचा एकरुख तलाव. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिसले तर नशीब समजा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस बघायचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात (१९७९ मध्ये ते जाहीर झालं) वनविभागाची परवानगी घेऊनच जा. ज्याच्या नावानं ते आहे तो माळढोक आता इथं दिसणं जवळपास संपलंय, आणि हे लिहितानाही मला वाईट वाटतं. पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतात काळवीट, लांडगा, धाविक, भोवत्या अजून जगतायत.

सोबत मिळवायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे नोव्हेंबर. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस (ते मूळचे सोलापूरचेच), १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो आणि त्या दिवसांत पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. अशा एखाद्या फेरीला जा. कॅमेरा गळ्यात असू दे, पण पहिल्या दिवशी फोटोंपेक्षा माणसांकडे बघा. पक्षी उडून गेल्यावरही जो त्या फांदीकडे बघत थांबतो, त्याच्याशी बोला. मला काका असेच भेटले होते.